पावती नसलेला वारसा

नवरात्र जवळ आले की कुंभकोणमच्या घराघरांतून पायऱ्या मांडल्या जातात आणि वर्षभर कापडात गुंडाळून ठेवलेल्या बाहुल्या पेटीबाहेर येतात. या मांडणीस येथे ‘कोलू’ म्हणतात. सर्वांत वरच्या पायऱ्यांवर देवदेवता, खाली संतमंडळी आणि अगदी खाली धान्याची दुकानदारी करणारे चेट्टियार दांपत्य. रक्तचंदनाच्या राजाराणीची जोडी, म्हणजे ‘मरप्पाची’, हा तर या मांडणीचा प्राणच. ही जोडी लेकीला लग्नात देण्याची प्रथा असल्यामुळे ती आईकडून मुलीकडे, मुलीकडून नातीकडे जात राहते. तिच्याशेजारी ‘चोप्पु’ म्हणजे चिमुकली भांडीकुंडी असतात. महाराष्ट्रातून बदली होऊन येथे आलेल्या माझ्यासारख्यास ती पाहताच आपली भातुकली आठवली नाही तरच नवल!

या प्रदेशाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावरला मराठी राज्य स्थापन केले आणि १८५५ साली अखेरच्या राजाच्या निधनानंतर ते ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. राज्य गेले, परंतु माणसे राहिली. आमच्या शाखेच्या ग्राहकांत आजही घरी तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. अशाच एका कुटुंबातील वयोवृद्ध आजी गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. त्यांनी विचारलेल्या एका प्रश्नामुळे हा लेख लिहावयास घेतला आहे.

त्यांच्या नातवाने घरातील मरप्पाचीच्या जोडीची व पितळी चोप्पुंची छायाचित्रे इंटरनेटवर विक्रीसाठी टाकली होती. दुसऱ्याच दिवशी एका अनोळखी गृहस्थाने वस्तू न पाहताच पंच्याऐंशी हजार रुपये देऊ केले. आगाऊ रक्कम पाठवितो म्हणून त्याने एक क्यूआर कोड धाडला आणि तो स्कॅन करून यूपीआय पिन टाकावा, असे सुचविले. आजींचा प्रश्न साधा होता. पैसे मला मिळणार असतील, तर पिन माझा कशाला?

आयुष्यभर घराचा हिशेब चोख ठेवणाऱ्या त्या माउलीस जे उमगले, ते अनेक सुशिक्षितांस उमगत नाही. पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही; पिन टाकला की पैसे खात्यातून जातात. पिन टाकण्यापूर्वी त्या शाखेत आल्या म्हणून त्यांचे निवृत्तिवेतन वाचले. जुन्या वस्तूंच्या मोहाचा असा गैरफायदा घेण्याचे प्रकार नवे नाहीत. जुन्या नोटा व नाणी विकत घेतो असे सांगून रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क उकळणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

मात्र दुसऱ्याला शहाणपण सांगताना स्वतःची चूक झाकणे योग्य नव्हे. कुंभकोणमला आल्यावर मलाही जुन्या खेळण्यांचा नाद लागला होता. एका विक्रेत्याकडून मी चाकांवरचा पितळी हत्ती ‘दीडशे वर्षांपूर्वीचा’ म्हणून ऑनलाइन मागविला आणि साडेसहा हजार रुपये मोजले. हत्ती घरी आला तो काळसर, हिरवट, अगदी पुराणपुरुषासारखा! मोठ्या कौतुकाने मी तो जवळच्या स्वामिमलै येथील एका ओताऱ्यास दाखविला. पंचधातूच्या मूर्ती ओतण्यात ज्या गावाच्या पिढ्या गेल्या, तेथील माणसाची नजर ती! त्याने ओल्या फडक्याने हत्तीची पाठ पुसली, तो काळिमा फडक्यास लागला. मग हत्ती उलटा करून त्याने चाकाचा स्क्रू दाखविला. त्याच्या माथ्यावर फुलीच्या आकाराची खाच होती. असे स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत प्रचारात आले. दीडशे वर्षांपूर्वीच्या हत्तीच्या पायात तो कोठून येणार? घरी येऊन पावती पाहिली, तर तिच्यावर केवळ ‘शोभेची हस्तकला वस्तू’ एवढेच लिहिलेले होते. विक्रेत्याने जाहिरातीत दिलेले वय पावतीवर लिहिण्याचे धाडस केले नव्हते.

या प्रकारच्या खरेदीतील खरी मेख येथेच आहे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू ‘पुरावशेष’ ठरते. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीस त्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत. दगड, धातू, भाजलेली माती आदींची शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा काही प्रकारांची तर नोंदणीही करावी लागते. आता विचार करा. विक्रेता म्हणतो तसे खेळणे खरोखरच शंभर वर्षांहून जुने असेल, तर त्याने परवाना दाखविला पाहिजे. ते तितके जुने नसेल, तर त्याची जाहिरात खोटी आहे. परवाना नाही आणि वय मात्र दीडशे, असे सांगणाऱ्याकडून घेतलेली वस्तू एक तर बनावट निघते किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडते. दोन्हीकडून नुकसान ग्राहकाचेच. हस्तिदंती सोंगट्या आणि बुद्धिबळाच्या सोंगट्यांविषयी तर शंकेस जागाच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये हस्तिदंताच्या व्यापारास आपल्या देशात बंदी आहे; वस्तू पणजोबांच्या काळातील असली तरीही.

एका खेळण्यासाठी एवढा कायद्याचा कीस कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर याच परिसराने जगाला दिले आहे. येथून फार दूर नसलेल्या अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंदान गावच्या मंदिरातून नटराजाची चोळकालीन मूर्ती चोरीस गेली. २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ती सुमारे पन्नास लाख अमेरिकी डॉलरला विकत घेतली. विक्रेत्याने मालकीची कागदपत्रे दिली होती, पण ती बनावट होती. मूर्तीची खरी ओळख पटविण्यास उपयोगी पडली ती पुदुच्चेरी येथील फ्रेंच संस्थेच्या संग्रहातील जुनी छायाचित्रे. २०१४ साली मूर्ती भारतास परत मिळाली. ती विकणारा न्यूयॉर्कचा व्यापारी सुभाष कपूर यास मूर्तिचोरीच्या एका खटल्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये दहा वर्षांची शिक्षा सुनावली, ती आमच्या याच कुंभकोणमच्या न्यायालयाने.

नटराजाची मूर्ती आणि भातुकलीतील पितळी चूल यांची तुलना होऊ शकत नाही, हे मी जाणतो. परंतु तत्त्व एकच आहे. कर्जासाठी घराचे कागद समोर आले की आम्ही प्रथम भिंती पाहत नाही. मालकी कोणाकडून कोणाकडे आली, ती साखळी पाहतो. जुन्या वस्तूचेही तसेच आहे. ती कोणी घडविली, कोणत्या घरात होती, तेथून कशी बाहेर पडली, हे सांगता येत नसेल, तर तिची किंमत विक्रेत्याच्या शब्दापुरतीच उरते. म्हणूनच, गुंतवणूक म्हणून जुनी खेळणी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांवर व्याज नाही, लाभांश नाही, रोजचा जाहीर भाव नाही. आणि निकडीच्या वेळी हवा तो ग्राहक मिळेलच याचीही शाश्वती नाही.

याचा अर्थ संग्रह करू नये, असा मुळीच नाही. पुण्याच्या दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती, वज्री अशा घरगुती वस्तू गावोगाव हिंडून जमविल्या आणि अकाली निवर्तलेल्या पुत्राच्या नावे ‘राजा केळकर संग्रहालय’ उभे केले. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या मातीतील प्राचीन वस्तू वेचून सांभाळल्या; त्यांच्या नावाचे संग्रहालय आज तेथे आहे. या थोरांनी वस्तूंबरोबर त्यांची माहितीही जमविली. जिला ठावठिकाणा नाही ती वस्तू कपाटात राहते. जिला आहे ती संग्रहालयात शोभते.

ज्यांना ही हौस आहे, त्यांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. वस्तू शक्यतो प्रत्यक्ष हाताळून घ्यावी. ऑनलाइन घेणे भागच असेल, तर विक्रेत्याचा पूर्ण पत्ता, परतीच्या अटी आणि पावतीवर वस्तूच्या वयाचा लेखी उल्लेख मागावा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याची माहिती व परतीच्या अटी जाणून घेण्याचा ग्राहकास हक्क आहे. संकेतस्थळ सोडून परस्पर पैसे पाठविण्यास सांगितले, तर व्यवहार तेथेच थांबवावा. फसगत झालीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर आणि आपल्या शाखेत कळवावे. गेलेल्या पैशाच्या बाबतीत प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

आणखी एक मार्ग आहे आणि तो मला सर्वाधिक भावतो. तंजावरची मान डोलावणारी बाहुली आणि कशीही आडवी केली तरी उठून बसणारे राजाराणी आजही कारागीर घडवितात. सावंतवाडीचे लाकडी खेळणे आजही रंगविले जाते. खोट्या जुन्यासाठी हजारो रुपये मोजण्यापेक्षा खरे नवे खेळणे कारागिराच्या हातून घ्यावे आणि त्याच दिवशी तळाशी नाव व साल लिहून ठेवावे. कोलूत दरवर्षी एक नवी बाहुली ठेवण्याची येथील रीत आहे. आजचे नवे हेच उद्याचे जुने, हे या रीतीने किती सहज साधले आहे!

आजींची गोष्ट अपुरी राहिली. त्यांनी खेळणी विकली नाहीत. माझ्या सूचनेवरून नातवाने प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढले आणि आजी सांगत गेल्या तसे एका वहीत लिहिले. मरप्पाचीची जोडी कोणाच्या लग्नातली, पितळी घंगाळ कोणी दिले, लाकडी पोळपाटाचा कडा कोणाच्या हातून फुटला. नवरात्रात त्यांनी मला कोलूस बोलाविले, तेव्हा ती वही पायऱ्यांशेजारी पाटावर ठेवलेली होती. त्या वहीची एक प्रत आता आमच्या शाखेतील त्यांच्या लॉकरमध्ये आहे.

वाचकहो, बँक आपल्या लॉकरमध्ये काय आहे याची यादी ठेवीत नाही. ती आपणच करावयाची असते. आपल्या माळ्यावरील पेटीतही एखादी ठकी, एखादा लाकडी बैल, भातुकलीतील एखादे जाते असेल. ते ठाऊक असलेले वडीलधारे माणूस घरात आहे तोवर, या रविवारी ती पेटी खाली उतरवा आणि एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसा.