सासूबाईंच्या ओव्या आणि घरचा संगणक

प्रश्न : ताई, सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाइलवर भरून ठेवल्या होत्या. मोबाइल बिघडला नि निम्म्या गेल्या. भाचा म्हणतो, "घरीच छोटा संगणक लावून आपली वेबसाइट करू." ह्यांचं म्हणणं, नसता खर्च! काय करावं?
— एक भगिनी, किनवट

उत्तर : भाचा म्हणतो ते जमण्यासारखं आहे. वेबसाइट म्हणजे तरी काय? कुठल्या तरी संगणकात ठेवलेली पानं. मागेल त्याला तो ती दाखवतो. मग तो संगणक आपल्याच घरी का नको? रास्पबेरी पाय हा पोस्टकार्डाहून लहान संगणक २०१२ साली ३५ डॉलरला विक्रीस आला. घरात पडून असलेला जुना लॅपटॉपही चालतो. त्यावर घालायची लिनक्स प्रणाली फुकट मिळते. पाच वॅटचा संगणक रात्रंदिवस चालला, तरी महिन्याला चार युनिटांच्या आतच वीज जळते. हे ह्यांना जरूर सांगा!

आधी घरापुरतंच करा. घरच्या वायफायवर ओव्या नीट वाजल्या, की मग बाहेरचा विचार. त्यासाठी कनेक्शनला स्वतंत्र पत्ता लागतो. घरगुती कनेक्शनला तो बहुधा नसतो. तेव्हा "स्टॅटिक आयपी मिळेल का, किती पडेल?" हे कंपनीला आधीच विचारा. वेबसाइटच्या नावाचेही दरवर्षी पैसे पडतात.

वीज गेली की वेबसाइट बंद, आणि अचानक गेली तर मेमरी कार्डही बिघडू शकतं. म्हणून इन्व्हर्टरवर जोडा. आयता आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. पानावर घरचा पत्ता, फोन नंबर घालू नका. ओव्यांची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर करून माहेरी ठेवा.

बटणाजवळ चिठ्ठी लावायला विसरू नका. जगातली पहिली वेबसाइट जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या संगणकावर होती. त्यावरसुद्धा "बंद करू नका" अशी चिठ्ठी होती बरं का!

आणि नसता खर्च कसला? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या. मोल असल्याशिवाय का कुणी एवढं फिरतं?

मात्र ओव्या सासूबाईंच्या आहेत. त्यांत सासरचं गाऱ्हाणंही असेल. जगाला ऐकवण्याआधी त्यांच्याजवळ बसा, एकेक ऐकवा आणि विचारा, "ही देऊ का?" नको म्हणतील ती घरातच राहू द्या.