मेळावा घ्या, पण स्टेज काढून टाका

या वेळच्या व्हिडिओत डिक्कीचं नाव घेतलं, पण पाच मिनिटांत विषय बसला नाही. म्हणून इथं थोडं सविस्तर लिहितो.

डिक्की म्हणजे दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री. मूळ लातूर जिल्ह्यातले, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर असलेले मिलिंद कांबळे यांनी २००५ मध्ये पुण्यात ती सुरू केली. नोकरी मागण्यापेक्षा नोकरी देणारे व्हा, हे तिचं सांगणं. २०१३ मध्ये कांबळेंना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी अकोला जिल्ह्यातून आलेल्या, बंद पडत चाललेली कमानी ट्यूब्स उभी करणाऱ्या कल्पना सरोज यांनाही मिळाली.

यावर ठरलेला प्रश्न येतो: धंद्यात जात कशाला आणता भाऊ? गिऱ्हाईक जात विचारून माल घेतं का?

धंद्याला जात नसेलही, पण धंद्याच्या माहितीला असते, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या दाणाबाजारात पिढीजात व्यापारी घरातला पोरगा दहावीत असतो, तेव्हाच त्याला माहीत असतं की कोणाचा चेक वटत नाही, कोण नव्वद दिवस पैसे लटकवतो, ट्रान्सपोर्टवाला भाडं कुठपर्यंत कमी करतो. हे त्याला कोणी क्लास लावून शिकवलेलं नसतं. मामा, काका, लग्नाच्या पंगती, दुकानाची गादी. ते पण चेंबरच आहे, फक्त त्याच्यावर बोर्ड नाही. ज्याच्या घरात आधी कोणी धंदा केला नाही, त्याने हे विचारायचं कोणाला? मग तो शिकतो, पण स्वतःच्या भांडवलाच्या पैशाने शिकतो. पहिल्याच उधारीत बुडतो आणि घरचे म्हणतात, आपलं काम नाही ते.

साधं उदाहरण घ्या. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. तरी तिच्यासाठी एजंटला पैसे मोजणारे लोक आपल्याकडे आहेत. सरकारी खरेदीचंच बघा. केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी ठरावीक माल लहान उद्योगांकडून घ्यायचा, हे धोरण २०१२ चं. आधी २० टक्के होतं, पुढे २५ झालं. एकूण खरेदीतले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी. हे ४ टक्के बरीच वर्षं भरलेच गेले नाहीत. स्टँड-अप इंडिया २०१६ मध्ये आली आणि २०२५ पर्यंत होती, १० लाख ते १ कोटी कर्ज, प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती किंवा जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला द्यायचं होतं. योजना कागदावर असते हो, पण टेंडर कसं भरायचं, अनामत माफ कशी होते, हे ज्याने एकदा भरलंय तोच सांगू शकतो.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. लॉस एंजेलिस महापालिकेत नोकरी करणाऱ्या काही हिस्पॅनिक इंजिनिअरांनी १९७४ मध्ये आपली संघटना काढली. आज तिथले लॅटिनो बायोमेडिकल इंजिनिअर, म्हणजे कृत्रिम सांधे, हृदयाचे व्हॉल्व्ह, तपासणीची यंत्रं यांवर काम करणारे संशोधक, आपल्या लोकांसाठी संशोधन परिषदा घेतात. शिकलेली, हुशार माणसं. तरी त्यांनाही प्रयोगशाळेत आपण एकटेच आहोत असं वाटतं, म्हणून एकत्र यावं लागतं.

आता मला त्यातली आवडलेली गोष्ट सांगतो. संशोधनाच्या परिषदेत भाषणं असतात, पण पोस्टरही असतात. आपल्या विद्यापीठांच्या आविष्कार स्पर्धेत पाहिलं असेल. पोरगी आपल्या पोस्टरशेजारी उभी राहते, येणारा-जाणारा थांबतो, विचारतो, हे असं का केलं? आकडा असा का आला? काम अर्धवट असलं तरी चालतं. उलट अर्धवट असेल तर जास्त कामाचा सल्ला मिळतो.

आणि आपले उद्योजक मेळावे? दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, दोन तास स्टेजवरून भाषण. खाली दोनशे माणसं शेजारच्याचं नाव न विचारता जेवून घरी. यशाच्या गोष्टी ऐकून अंगावर काटा येतो, मान्य आहे. पण पापडाचं युनिट टाकणाऱ्या ताईला कोट्यधीशापेक्षा तिच्या दोन वर्षं पुढे असलेली बाई जास्त उपयोगाची. पॅकिंगची पिशवी कुठून घेतली, दुकानदार मार्जिन किती मागतो, माल परत आला तर काय करायचं, एवढंच तिला पाहिजे असतं.

म्हणून माझं म्हणणं, डिक्की असो, बचत गटाचा महासंघ असो की आपला मेहरूणचा दहा जणांचा ग्रुप, स्टेज काढून टाका. प्रत्येकाने एक कार्डशीट आणायची. वर धंद्याचं नाव, मध्ये महिन्याची विक्री आणि खर्च, खाली एकच ओळ: सध्या माझं काम कुठं अडलंय. भिंतीला चिकटवायची आणि शेजारी उभं राहायचं. विक्री सांगायला लाज वाटत असेल तर पहिल्या वेळी आकडा टाकू नका, पण अडलेली ओळ लिहाच.

हॉलची गरज नाही. तलावाकाठी रविवारी सकाळी सात वाजता जमलं तरी चालतं, भिंत नसली तर कार्डशीट हातात धरा. चहाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे. स्पॉन्सर घेतला की त्याचं भाषण आलंच.