पायलट व्हायला रान विकायचं का? आधी हा हिशोब मांडा

बारावीचा निकाल लागला की गावागावांत मोबाईलवर जाहिराती फिरू लागतात. ‘एव्हिएशनमध्ये करिअर करा, लाखोंचा पगार मिळवा.’ त्यात अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून २०२५च्या एप्रिलमध्ये विमानसेवा सुरू झाली, डिसेंबरमध्ये नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला. त्यामुळे खेड्यातल्या पोरांनाही आता हे क्षेत्र जवळचं वाटतं. स्वप्न चुकीचं नाही. पण हिशोब न करता एकर-दोन एकर विकायला काढणं अंगलट येऊ शकतं.

डिग्री वेगळी, परवाना वेगळा

सगळ्यात मोठी गल्लत इथंच होते. बीबीए एव्हिएशन किंवा एअरपोर्ट मॅनेजमेंट ही पदवी घेतली म्हणून कुणी पायलट होत नाही. या पदव्यांतून मिळतात त्या बहुतेक तिकीट काउंटर, सामान हाताळणी, प्रवासी मदत अशा जमिनीवरच्या नोकऱ्या. सुरुवातीचा पगार साधारण १५ ते २५ हजार. त्यासाठी काही लाख फी भरायची का, याचा विचार घरानं करायला हवा. अशा बऱ्याच नोकऱ्या साध्या पदवीवरही मिळतात.

विमान उडवायला डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा कमर्शियल पायलट परवाना लागतो. त्याला पदवीची अट नाही. बारावीला फिजिक्स आणि गणित, किमान १८ वर्षं वय, वैद्यकीय तपासणीत पास, हवामान-नेव्हिगेशन-नियम अशा लेखी परीक्षा आणि २०० तासांचं उड्डाण, एवढं पूर्ण झालं की परवाना.

खर्च किती?

भारतात परवान्यापर्यंतचा खर्च साधारण ५० ते ६० लाखांच्या घरात, काही ठिकाणी त्याहून जास्त जातो. तिथं खर्च संपत नाही. एअरबस किंवा बोइंगसारखं ठरावीक विमान चालवण्यासाठी ‘टाइप रेटिंग’ करावं लागतं, त्याचे आणखी १५ ते २५ लाख. राहणं-खाणं वेगळं.

समजा ५० लाखांचं कर्ज १० टक्के व्याजानं १५ वर्षांसाठी काढलं. महिन्याचा हप्ता सुमारे ५३ हजार ७०० रुपये. एकूण परतफेड ९६ लाखांच्या पुढे. शिक्षण चालू असताना चढणारं व्याज यात धरलेलं नाही. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात आणि शेतजमीन तारण घ्यायला बहुधा नाखूश असतात. मग सावकार, नाहीतर सातबारा विकणं, याच दोन वाटा उरतात.

मिळकत आहे, पण खात्री नाही

मोठ्या कंपनीत सहवैमानिक म्हणून लागलं तर पगार महिना दीड ते अडीच लाखांपर्यंत जातो. मग हप्ता जड नाही. अडचण आहे ती परवाना आणि नोकरी यांच्या मधल्या काळाची. कुणाला सहा महिन्यांत नोकरी लागते, कुणी दोन-तीन वर्षं थांबतो. त्या काळात ५० लाखांवर नुसतं व्याजच महिन्याला ४१ हजारांवर जातं.

वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. तेव्हापासून ‘पायलटचा तुटवडा आहे’ असं सांगून प्रवेश खपवले जातात. तुटवडा जास्त जाणवतो तो अनुभवी कॅप्टनचा. कोरा परवाना हातात असलेल्यांची मात्र रांग आहे. शिवाय २०१९मध्ये जेट एअरवेज आणि २०२३मध्ये गो फर्स्ट बंद पडली, तेव्हा अनुभवी पायलटही रस्त्यावर आले होते.

पैसे भरण्याआधी

पहिलं काम वैद्यकीय तपासणी. रंगांधळेपणासारखा दोष निघाला तर वाट तिथंच बंद होते. हे पाच-दहा हजारांत कळतं, ५० लाख भरून कळायला नको.

दुसरं, संस्था डीजीसीएच्या अधिकृत यादीत आहे का ते पाहावं. तिथं किती विमानं चालू स्थितीत आहेत, २०० तास पूर्ण व्हायला मुलांना प्रत्यक्षात किती महिने लागतात, हे तिथल्या पोरांनाच विचारावं. पावसाळ्यात छोटी विमानं दिवसेंदिवस जमिनीवर असतात, तेव्हा मुक्काम आणि खर्च दोन्ही वाढतात.

तिसरं, पूर्ण फी एकदम भरू नये. उडालेल्या तासांप्रमाणे हप्ते पाडून घ्यावेत आणि पैसे परतीची अट लेखी घ्यावी. ‘शंभर टक्के नोकरी’ हे तोंडी आश्वासन धरूच नये.

दुसऱ्या वाटाही आहेत

फिजिक्स-गणितासह बीएस्सी केलेल्यांना भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या परीक्षेतून एअर ट्रॅफिक कंट्रोलर होता येतं. मूळ वेतनश्रेणीच ४० हजारांपासून सुरू होते. स्पर्धा मोठी आहे, पण खर्च तालुक्याच्या कॉलेजच्या फीएवढा. विमान दुरुस्तीच्या इंजिनिअरचा परवानाही पायलटपेक्षा बऱ्याच कमी खर्चात होतो. ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांसाठी महाज्योतीनं पायलट प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. नवीन जाहिरात आली का, हे त्यांच्या संकेतस्थळावर पाहत राहावं.

पोराची जिद्द, तब्येत आणि अभ्यास पक्का असेल तर पायलट होणं खेड्यातल्या मुलालाही अशक्य नाही. पण नोकरी दोन वर्षं लांबली तर हप्ता कुठून भरायचा, याचं उत्तर घरात आधी तयार हवं. ते नसेल तर रानाला हात न लावलेला बरा.