धावणं सोपं, थांबणं कठीण!

एक माणूस, एक कुत्रा, पाच मेंढ्या आणि फक्त १५ मिनिटं. ब्रिटनमधल्या ‘शीपडॉग ट्रायल्स’ हा प्रकार लांबून एकदम संथ वाटतो. जवळ जाऊन बघा, आत सॉल्लिड टेन्शन असतं!

जगात कुणाला कसलं वेड असेल, सांगता येत नाही. कुणी वीकएंडला डोंगर चढतं, कुणी पहाटे चारला उठून मॅरेथॉनची प्रॅक्टिस करतं. आणि वेल्स, स्कॉटलंड, उत्तर इंग्लंडच्या हिरव्यागार टेकड्यांवर काही मंडळी भर पावसात, रेनकोट घालून, कुत्र्याने मेंढ्या कशा आणल्या याला मार्क देत बसतात. हसू आलं ना? पण या खेळाचा फंडा एकदा कळला, की त्याचे व्हिडिओ बघताना रात्रीचे दोन कधी वाजतात समजत नाही.

तर सीन असा. हँडलर एका खांबापाशी उभा. हातात काठी, तोंडात छोटीशी शिट्टी. पायाशी काळा-पांढरा बॉर्डर कॉली, कान टवकारलेले. समोर साधारण ४०० यार्डांवर, म्हणजे तीन-साडेतीन फुटबॉल ग्राउंड सोडून, पाच मेंढ्या चरतायत. हँडलर हळूच एक शब्द बोलतो आणि कुत्रा सुटतो. पण मेंढ्यांच्या दिशेने सरळ नाही हं! तो मोठा अर्धगोल वळसा घालून, त्यांना दचकवणार नाही इतक्या लांबून, त्यांच्या मागे जातो. हा ‘आउटरन’. मग तो सावकाश पुढे सरकतो आणि मेंढ्या जागेवरून हलतात. हा ‘लिफ्ट’. एका फाटकातून त्यांना सरळ रेषेत हँडलरकडे आणायचं, तो ‘फेच’. नंतर त्याच मेंढ्या हँडलरपासून दूर, त्रिकोणी रस्त्याने, आणखी दोन फाटकांतून न्यायच्या, तो ‘ड्राइव्ह’. शिवाय कळपातून ठराविक मेंढ्या वेगळ्या काढायच्या, तो ‘शेड’, आणि सगळ्यांना छोट्याशा कुंपणात घालायचं, तो ‘पेन’. पेनच्या दाराला एक दोरी असते. ती हँडलरने हातातून सोडायची नाही आणि मेंढ्यांना हातही लावायचा नाही.

नेहमीच्या पद्धतीत एका जजकडे १०० मार्क असतात. आउटरनला २०, लिफ्टला १०, फेचला २०, ड्राइव्हला ३०, शेड आणि पेनला १०-१०. गंमत म्हणजे इथे मार्क मिळत नाहीत, फक्त कापले जातात! मेंढ्या रेषेबाहेर गेल्या, कापा. फाटक चुकलं, कापा. कुत्र्याने उगाच मेंढीला तोंड लावलं, तर थेट डिस्क्वालिफाय. म्हणजे ज्या रनमध्ये काहीच घडलं नाही असं वाटतं, ती बेस्ट रन. मेंढ्या जणू स्वतःच्याच मर्जीने फिरायला निघाल्यात, इतकं ते स्मूथ दिसायला हवं.

शिकार, पण अर्धीच

हे जमतं कसं? यामागे एक भन्नाट सायन्स आहे. लांडगा शिकार करतो तेव्हा कामं एका क्रमाने होतात. आधी नजर रोखायची, मग दबकत पुढे जायचं, मग पाठलाग, मग चावा, मग ठार मारायचं. बॉर्डर कॉलीमध्ये यातल्या पहिल्या तीन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या ब्रीडिंग करून वाढवल्या गेल्या आणि शेवटच्या दोन दाबल्या गेल्या. म्हणजे हर्डिंग ही खरं तर मध्येच थांबवलेली शिकार आहे! कॉली मान खाली घालून, डोळे न हलवता मेंढीकडे बघतो ना, त्याला तिकडे ‘आय’ म्हणतात. मेंढीच्या दृष्टीने ती लांडग्याचीच नजर असते. फक्त हा लांडगा पुढचं पाऊल टाकत नाही.

मेंढीचीही एक पर्सनल स्पेस असते. त्या अदृश्य रेषेच्या बाहेर कुत्रा असेल तर ती चरत राहते. रेषेच्या काठावर आला की चालायला लागते. फार आत घुसला तर पळत सुटते, नाहीतर वळून उभी राहते आणि पाय आपटते. सगळं कौशल्य त्या काठावर राहण्यात आहे. प्रेशर द्यायचं, मेंढी हलली की लगेच सोडायचं. (कुठल्या कुठल्या बॉसना हा परिच्छेद फॉरवर्ड करायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा!)

२०१४ मध्ये संशोधकांनी एका कुत्र्याच्या आणि कळपाच्या हालचाली जीपीएसने नोंदवून त्यांचं मॉडेल बनवलं. त्यातून निघालं काय? फक्त दोन नियम. मेंढ्या पांगल्या असतील तर गोळा कर. गोळा झाल्या असतील तर पुढे ढकल. बास! एवढ्यावर एकटा कुत्रा मोठाच्या मोठा कळप हलवू शकतो.

हेम्प नावाचा बाप

या खेळाचा इतिहासही मजेदार आहे. ब्रिटनमधली पहिली नोंदलेली ट्रायल झाली ९ ऑक्टोबर १८७३ रोजी, वेल्समधल्या बाला गावी. भरवली रिचर्ड जॉन लॉइड प्राइस या जमीनदाराने. दहा कुत्रे उतरले, तीनेकशे लोक बघायला आले आणि वेल्सच्या मातीत जिंकला कोण, तर जेम्स थॉमसन हा स्कॉटिश माणूस, त्याच्या ट्वीड या कुत्र्यासकट! वेल्शवाल्यांना ते किती झोंबलं असेल, कल्पना करा. १९०६ मध्ये इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी स्थापन झाली. आणि २००२ मध्ये पहिली वर्ल्ड ट्रायल भरली, तीही याच बाला गावात.

पण खरा हीरो म्हणजे ओल्ड हेम्प. १८९३ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंड भागात, अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला कुत्रा. त्याचा बाप रॉय मनमिळाऊ, पण कामात जेमतेम. आई मेग लाजरी, पण नजर जबरदस्त. पोराने दोघांचं नेमकं तेवढं उचललं! त्या काळी मेंढ्यांचे कुत्रे भुंकून, अंगावर जाऊन काम करायचे. हेम्प शांत. नजरेनेच मेंढ्या हलवायचा. मेंढपाळांना हे इतकं आवडलं, की त्याच्यापासून दोनशेच्या आसपास पिल्लं झाली. आजच्या बॉर्डर कॉलीचा तो मूळपुरुष मानला जातो. म्हणजे सगळ्यात जास्त ताकदवान किंवा आक्रमक कुत्रा नाही, तर स्वतःला सगळ्यात चांगलं आवरणारा कुत्रा बाप ठरला.

आधी ब्रेक, मग गिअर

ट्रेनिंगचंही तेच. आपल्याला वाटतं, कुत्र्याला मेंढ्यांमागे धावायला शिकवत असतील. छे! धावणं रक्तातच असतं. शिकवायचं असतं थांबायला. पिल्लू मेंढ्यांजवळ जाण्याआधीच त्याला दोन गोष्टी यायला हव्यात, हाक मारली की येणं आणि सांगितलं की आडवं होणं. मग आठ-दहा महिन्यांचा झाला, अंगात मेंढीपेक्षा जास्त वेग आला, की छोट्या रिंगणात शांत, कुत्र्याची सवय असलेल्या मेंढ्यांसोबत पहिला धडा.

इथे एक नैसर्गिक चमत्कार दिसतो. घड्याळ डोळ्यासमोर आणा. मेंढ्या मध्यभागी, माणूस सहाच्या आकड्यावर. चांगला कॉली कुणी न सांगता बाराच्या आकड्यावर जाऊन उभा राहतो. माणूस तीनवर सरकला, की कुत्रा नऊवर. त्याला मेंढ्या माणसाकडेच आणायच्या असतात. ट्रेनर या ओढीलाच शब्द चिकटवतो. कुत्रा घड्याळाच्या दिशेने फिरायला लागला की ‘कम बाय’, उलटा फिरला की ‘अवे’. काही दिवसांत कुत्र्याला शब्द आणि दिशा यांचं नातं कळतं.

कठीण भाग पुढे आहे. ड्राइव्हमध्ये मेंढ्या माणसापासून दूर न्यायच्या, म्हणजे बाराच्या आकड्याची ओढ मोडायची. शेडमध्ये तर कळपाच्या मधोमध घुसून तो तोडायचा. ज्याने जन्मभर कळप एकत्र ठेवला, त्याला ‘आता फोड’ म्हणायचं! हे सगळं बसायला सहज दोन वर्षं जातात. आणि तेवढ्यात माणसालाही शिकावं लागतं. ४०० यार्डांवर कुत्र्याला जे दिसतं ते हँडलरला दिसत नाही. मेंढी कान कुठे फिरवते, कुठली पुढारी आहे, कुठली फुटणार आहे, हे तिथे उभ्या कुत्र्याला आधी कळतं. दर सेकंदाला शिट्टी वाजवणाऱ्या हँडलरचा कुत्रा स्वतः विचार करायचं सोडून देतो. अजिबात न वाजवणाऱ्याचा कुत्रा स्वतःचाच कार्यक्रम सुरू करतो.

याची कसोटी लागते इंटरनॅशनल सुप्रीम चॅम्पियनशिपमध्ये. तिथे दहा-दहा मेंढ्यांचे दोन कळप, ८०० यार्डांपर्यंत लांब, वेगवेगळ्या जागी. कुत्रा पहिले दहा घेऊन अर्ध्या वाटेवर येतो आणि शिट्टी वाजते, ‘लुक बॅक’. म्हणजे हातातलं काम सोड, मागे वळ, जे तुला दिसतही नाही ते शोधून आण. कुत्र्याचा सगळा जीव समोरच्या मेंढ्यांत अडकलेला असतो. तरी तो वळतो. निव्वळ विश्वासावर! मग त्या वीसमधून गळ्यात पट्टे बांधलेल्या पाच मेंढ्या वेगळ्या काढून पेनमध्ये घालायच्या. वेळ ३० मिनिटं.

बीबीसीने १९७६ मध्ये ‘वन मॅन अँड हिज डॉग’ हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा मेंढ्या कोण बघणार असं वाटलं असेल. ऐंशीच्या दशकात तो बघणाऱ्यांचा आकडा ८० लाखांपर्यंत गेला. १९९५ चा ‘बेब’ सिनेमा आठवतोय? त्यातलं डुक्कर जी स्पर्धा जिंकतं, ती हीच. आणि हा नुसता छंदही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये वेल्समधल्या लिलावात किम नावाची जेमतेम वर्षाची कॉली २७,१०० पौंडांना विकली गेली. तेव्हाच्या हिशोबाने साधारण २७ लाख रुपये! डोंगरावर विखुरलेल्या शेकडो मेंढ्या गोळा करायला माणसं मिळत नाहीत, त्यामुळे ट्रेन झालेल्या कुत्र्याची किंमत शेतकऱ्याला बरोबर कळते.

टू बीएचकेमधला कॉली

आता तुम्ही म्हणाल, आपल्या धनगरांकडेही कुत्रे असतातच की. असतात, पण त्यांचं काम वेगळं. तो राखणदार. रात्री वाड्याभोवती बसून लांडग्यावर भुंकणारा. कळप वळवायचं काम माणसंच हाकाऱ्यांनी, शिट्ट्यांनी करतात. राखणदार कुत्र्याला शिकारीची हुक्की कमी लागते, तर कॉलीचा अख्खा जन्मच त्या अर्ध्या शिकारीवर उभा. दोघांना एका मापाने मोजू नका.

हे सांगायचं कारण, हल्ली आपल्या शहरांतही बॉर्डर कॉली दिसायला लागलेत. दिसायला देखणा, हुशार इतका, की अमेरिकेतल्या चेसर नावाच्या कॉलीला हजारावर खेळण्यांची नावं येत होती. हे २०११ मध्ये रिसर्च पेपरमध्ये आलंय. मग काय, घेतला! घरचे दोघंही सकाळी नऊला बाहेर, रात्री नऊला आत. दिवसभर बंद घरात कॉली काय करणार? मेंढ्या नाहीत, म्हणून तो सोसायटीतली मुलं वळवतो, सायकलींमागे लागतो, पळणाऱ्यांच्या टाचा धरतो, भिंतीवरच्या सावलीचा तासन्‌तास पाठलाग करतो. लोक म्हणतात, कुत्रा बिघडला. बिघडला नाही हो. त्याला काम नाही आणि थांब म्हणणारंही कुणी नाही.

दिवसभर बॉल फेकून हा प्रश्न सुटत नाही. त्याने स्टॅमिना वाढतो, डोकं रिकामंच राहतं. त्यापेक्षा वास घेऊन वस्तू शोधायचे खेळ, नवीन शब्द, अ‍ॅजिलिटी, आणि मुख्य म्हणजे चटईवर गप्प पडून राहायचं शिक्षण द्या. रोज वेळ द्यायची तयारी नसेल तर कॉलीचा नाद सोडा. गल्लीतलं एखादं देशी पिल्लू जास्त सुखात राहील आणि तुम्हीही.

कमांड्सचा कोडवर्ड

कम बाय : घड्याळाच्या दिशेने फिर
अवे : उलट्या दिशेने फिर
वॉक अप : मेंढ्यांच्या दिशेने सावकाश पुढे ये
स्टेडी : हळू
लाय डाउन : आहे तिथे आडवा हो
लुक बॅक : मागे वळ, आणखी मेंढ्या आहेत
दॅट’ल डू : बास, झालं, परत ये

या यादीतली शेवटची कमांड सगळ्यात लाडकी. रन कितीही फसलेली असो, कितीही मार्क कापलेले असोत, मेंढ्या पळून गेलेल्या असोत, हँडलर शांतपणे ‘दॅट’ल डू’ म्हणतो आणि कुत्रा सगळं सोडून त्याच्या पायाशी येतो. जातिवंत कॉली दमला तरी स्वतःहून थांबत नाही, ऊन असो, पायाला लागलेलं असो, तो काम करतच राहतो. म्हणून काम संपलं हे सांगायची जबाबदारी माणसाची असते. चांगले हँडलर ती कधीच चुकवत नाहीत.

रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडून हे वाचत असाल, तर एक विचारते. तुम्हाला ‘दॅट’ल डू’ कोण म्हणतं? कुणीच नसेल, तर आज स्वतःच म्हणा आणि झोपा. मेंढ्या उद्याही तिथेच असणार आहेत!