फळवाल्याचें नांव

संयुक्त राष्ट्रसंघानें १९८१ सालीं जागतिक शांतिदिन पाळण्याचें ठरविलें; आतां तो दर वर्षीं २१ सप्टेंबरला येतो. त्या निमित्तानें आमच्या नातीला शाळेंतून निबंध मिळाला होता : ‘जगांत शांतता नांदावी म्हणून मी काय करीन?’ तिनें दोन पानें भरून काढलीं. राष्ट्रांनीं शस्त्रें खालीं ठेवावीं, पुढाऱ्यांनीं एकत्र बसावें, सर्व कांहीं त्यांत होतें. ‘मी काय करीन’ एवढेंच राहून गेलें होतें. मला तिचें हंसूं आलें. परंतु त्याच रात्रीं तिनें मला हंसावें असा प्रसंग घडला, आणि तोच आज वाचकांपुढें मांडीत आहें.

आमचें घर चौदा माणसांचें. रात्रीं पानें मांडण्याच्या वेळीं सारी मंडळी एकत्र जमतात. धाकट्या पुतण्यानें मोबाईलवर आलेला मजकूर मोठ्यानें वाचून दाखविला. आमच्या पेठेच्या कोपऱ्यावर बसणारा मुसलमान फळवाला फळांना घाणेरडें पाणी लावतो, त्याच्याकडून कोणीं कांहीं घेऊं नये, आणि हें दहा जणांना तरी कळवावें. सोबत चित्र होतें. तें कोणत्या गांवचें तें समजण्याजोगें नव्हतें. जाऊबाईंनीं हातांतलें केळें खालीं ठेवलें. मींहि फारसा विचार न करतां तो मजकूर माहेरच्या मंडळींना पाठवून दिला. मुलांच्या पोटांत भलतें कांहीं जाऊं नये, एवढाच आपला हेतु होता असें मीं नंतर स्वतःला सांगितलें. पण खरें सांगावयाचें तर बातमी आपण आधीं दिली, याचें थोडें सुखहि त्यांत होतें.

नव्वदीला टेकलेल्या सासूबाई भिंतीशीं बसून ऐकत होत्या. त्यांनीं विचारलें, ‘त्या फळवाल्याचं नांव काय ग?’

कोणालाच सांगतां येईना. पंधरा वर्षें आम्ही त्याच्याकडून फळें घेत आहों. एकादशीचीं केळीं त्याचींच, सत्यनारायणाला लागणारीं पांच फळें त्याचींच. नांव मात्र चौदा जणांत एकालाहि ठाऊक नव्हतें.

मग सासूबाईंनीं १९४८ सालची गोष्ट काढली. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला. मारणारा महाराष्ट्रीय ब्राह्मण, एवढें कळतांच पुढच्या कांहीं दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांचीं घरें पेटलीं. कोल्हापुरांत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. ज्याला कधीं पाहिलेंहि नव्हतें अशा माणसाच्या कृत्याचा जाब खेड्यांतल्या भिक्षुकांना आणि शाळामास्तरांना द्यावा लागला.

सासूबाई तेव्हां दहा वर्षांच्या. त्यांचें माहेर सातारा जिल्ह्यांतील एका लहानशा गांवीं. परगांवचा जमाव येत असल्याची आरोळी उठली, तेव्हां शेजारची म्हातारी माळीण मागील दारानें आली, आई आणि चार पोरें यांना तिनें आपल्या घरीं कणग्यांच्या आड बसविलें, आणि स्वतः उंबऱ्यावर जोंधळे पाखडीत बसली. वाडा गेला, माणसें राहिलीं. इतकें आम्हीं पूर्वीं अनेकदां ऐकलें होतें. त्या रात्रीं सासूबाईंनीं कधीं न सांगितलेला भाग सांगितला. त्यांची आई त्या माळणीला रोज ताक देई; पण वरून ओतून, भांड्याला भांडें लागूं न देतां. भिंतीला भिंत असून तिच्या घरांत पाऊल टाकण्याचा तो पहिलाच प्रसंग. रात्रीं तहान लागली, माळणीनें तांब्या पुढें केला, आणि आईचा हात क्षणभर उचलेना. म्हातारीच म्हणाली, ‘घ्या वैनी, आज इटाळ न्हाई.’

‘तिला आमचीं सगळ्यांचीं नांवं ठाऊक होतीं,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आम्ही तिला जन्मभर माळीणच म्हटलं.’

ज्या समाजानें असा दिवस पाहिला, त्यानें तरी एकावरून सर्वांना मोजूं नये, अशी अपेक्षा करावी. पण अनुभवानें शहाणपण येतेंच असें नाहीं; पुष्कळदां राग तेवढा उरतो. आणि आतां अफवेला जमाव गोळा करण्याचेहि कष्ट पडत नाहींत. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारे आले अशा वावडीवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांना ठार मारण्यांत आलें. १६ एप्रिल २०२० रोजीं पालघर जिल्ह्यांत गडचिंचले येथें दोन साधु आणि त्यांचा मोटारचालक तशाच अफवांना बळी पडले. त्या वावड्या पुढें धाडणारे हात सारेच कांहीं गुंडांचे नसतील.

याच्या उलट उदाहरण भिवंडीचें. यंत्रमागांच्या त्या शहरांत १९७० आणि १९८४ सालीं भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ मध्यें तेथें आलेले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या उभ्या केल्या. सभासद निम्मे हिंदु, निम्मे मुसलमान, आणि बहुतेक साधीं माणसें. शेजाऱ्यांचीं भांडणें, गल्लीच्या तक्रारी, सणांच्या मिरवणुका, असले विषय. याला कोणी शांतिकार्य म्हणेल असें वाटत नाहीं. परंतु डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्यें मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली. पोलिसांची दक्षता होतीच. पण अफवा आली तर ती खरी कीं खोटी हें विचारावयास पलीकडच्या गल्लींत ओळखीचें माणूस होतें, हेंहि त्याचें मोठें कारण. अशी ओळख आधींच झालेली असावी लागते. दंगलीच्या दिवशीं ती करून घेतां येत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं माहेरच्या अकरा जणांना निरनिराळें लिहिलें कीं, मजकूर खातरजमा न करतां पाठविला, माझी चूक झाली. पाठवावयास क्षण लागला होता; परत घ्यावयास सबंध सकाळ गेली, आणि स्वयंपाक जाऊबाईंवर पडला. चौघांचीं उत्तरें आलीं. एकीनें लिहिलें, ‘तरी पण सावध असलेलं बरं.’

सायंकाळीं नातीला घेऊन कोपऱ्यावर गेलें. मजकुराची वार्ता फळवाल्याच्या कानीं आलीच होती. चार दिवसांत निम्मा माल सडला, म्हणाला. मीं नांव विचारलें तेव्हां तो घाबरला. माझी कांहीं तक्रार आहे असें त्याला वाटलें असावें. त्यानें नांव सांगितलें. तें येथें छापण्याचें कारण नाहीं. मीं डझनभर केळीं घेतलीं. परंतु तो मजकूर मींहि पुढें पाठविला होता, हें सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं. नात माझ्याकडे पाहत होती. वाटेंत तिनें विचारलें, ‘आजी, तूं त्यांना सांगितलं कां नाहींस?’ मला उत्तर देतां आलें नाहीं.

तिनें निबंधाच्या शेवटीं चार ओळी वाढविल्या आहेत, पण त्या मला अजून दाखविल्या नाहींत. काल तोच मजकूर, तेंच चित्र, दुसऱ्या गांवच्या फळवाल्याबद्दल म्हणून मावसबहिणीकडून माझ्याकडे आलें. तिला लिहावयास बसलें आहें. उद्यां एकादशी, केळीं आणावयास मीच जाणार आहें, आणि राहिलेलें तेंहि त्याला सांगून टाकीन म्हणतें.