पाण्याची चाळण

उज्जैनजवळ त्रिवेणी घाटापाशी क्षिप्रेस कान्ह नदी मिळते. ही कान्ह इंदूर शहरातून येते व येताना तेथील सांडपाणी घेऊन येते. क्षिप्रा वाहती राहावी म्हणून २०१४ साली नर्मदेचे पाणी उपसून तिच्यात सोडण्यात आले. तथापि नव्या पाण्याने घाण पातळ होते, नाहीशी होत नाही. ती वेगळी काढावयाची तर चाळणच हवी.

ती किती बारीक असावी? आपल्या माताभगिनी हंड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याची घडी बांधतात, तिला कोणी हसू नये. बांगलादेशातील खेड्यांत ह्या रीतीची परीक्षा झाली व २००३ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने घटले! पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात, आणि ते जीव कापडावर अडकतात. सुटा जंतू मात्र कापडातून पार होतो. पोलिओचा विषाणू तर इतका लहान, की एका मिलिमीटरच्या लांबीत सुमारे ४०,००० ओळीने बसावेत.

त्यासही अडविणारी चाळण २००४ साली बनारस हिंदू विद्यापीठातील ओंकारनाथ श्रीवास्तव व अमेरिकेतील पुलिकल अजयन ह्यांनी सहकाऱ्यांसह सिद्ध केली. बेंझिन व फेरोसीन ह्यांचा फवारा तापलेल्या नळीत सोडला असता कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या दाटीने उभ्या राहतात. त्यांच्या भिंतीतून पाणी पाझरले, विषाणू अडले. शिवाय ही चाळण स्वच्छ करून पुन्हा वापरता येते.

पाण्यात विरघळलेले क्षार व विषे मात्र अशा चाळणीस सहसा दाद देत नाहीत. ते रेणू निवडण्यास याहून अरुंद छिद्रे लागतात. अशाच एका छिद्रातून मिठाच्या पाण्यात विजेचा प्रवाह सोडला, तर रेणू आत शिरताच प्रवाह किंचित घटतो. त्यावरून रेणू आला हे कळते, आणि पुष्कळदा कोणता आला हेही.

ही नवलाई आपल्या खेड्यांतील घरांत अद्याप आलेली नाही. तोवर पाणी गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट चुलीवर ठेवावे. जंतू व विषाणू मरतात. परंतु विहिरीशेजारच्या शेतात कीटकनाशक फवारले जात असेल, तर उकळण्यावर विसंबू नये. त्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.