पायी चालणाऱ्यांची परभणी

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण परभणीकर मोठ्या कौतुकाने ऐकवितात. अन्यत्र जमले नाही तरी येथे निभावते, असा तिचा भाव. या निभावण्याचे एक कारण जुन्या गावाच्या रचनेत आहे. नानलपेठ, कच्ची बाजार, गुजरी बाजार या भागांत खाली दुकान, वर बिऱ्हाड, गल्लीला गल्ली मिळालेली आणि वैशाखातही भिंतींची सावली. किराणा, दवाखाना, शाळा पायांच्या टप्प्यात असल्याने वृद्धांना कोणाच्या स्कूटरची वाट पाहावी लागत नाही.

१९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतरच्या दशकांत वसमत रस्ता, कारेगाव रस्ता, जिंतूर रस्ता यांच्या कडेने शेतांचे प्लॉट पडत गेले. तेथे मोकळी हवा आहे, अंगण आहे. जुन्या पेठांतील तुंबलेली गटारे ज्याने सोसली, तो तिकडे गेला यात नवल नाही.

दोष आहे तो आखणीच्या पद्धतीत. ले-आऊट मंजूर होतो तो एकेका गटापुरता. मालक आपल्या गटातील रस्ते आखतो. ते शेजारच्या गटातील रस्त्यांस मिळावेत, याची त्याला गरज वाटत नाही. मग भिंतीपलीकडच्या घरी जाण्यासही हमरस्त्यावरून वळसा पडतो. गुंठेवारीची तऱ्हा तर विचारूच नये. २००१ च्या कायद्याने असे प्लॉट नियमित करण्याची सोय झाली. पण कागद नियमित झाला म्हणून अरुंद रस्ता रुंद होत नाही. त्यात जमीन काळी. मृगाचा एक पाऊस झाला की चप्पल चिखलात रुतते.

गाडीवाल्यास हे जाणवत नाही. जाणवते ते शिकवणीला जाणाऱ्या मुलीला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला. कारकुनाच्या पगारात एक गाडी येते. घरात माणसे पाच असतात!

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत पदपथ किमान १.८ मीटर रुंद असावा असे म्हटले आहे. आमची मागणी त्याहून लहान आहे. २०११ साली अस्तित्वात आलेल्या महानगरपालिकेने शेजारच्या गटाशी रस्ता जोडल्याखेरीज नव्या ले-आऊटला मंजुरी देऊ नये. जुन्या वसाहतींत जेथे भिंत आड येते, तेथे हातगाडी जाईल एवढा तरी बोळ मोबदला देऊन घ्यावा. कडेने कडुनिंब लावावेत. खर्च येईल, परंतु आज रिकामे असलेले प्लॉट बांधले गेल्यावर हाच बोळ घरे पाडून काढावा लागेल.